वैशाखातला थंडावा : आपल्या उन्हाळी जिनसांचा थोडा इतिहास



आष्टीचे नाव बाहेरगावी काढले की ऐकणाऱ्याच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो 'बेचाळीस'. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, या गावच्या पोलीस ठाण्यावर जे घडले त्यामुळे गावाच्या नावाला 'शहीद' हा शब्द कायमचा जोडला गेला. त्या दिवसावर जाणत्या माणसांनी लिहिले आहे व पुढेही लिहितील. मी आज जो विषय घेतला आहे तो त्यामानाने अगदीच घरगुती आहे. आपण उन्हाळ्यात जे करतो, खातो, पितो व पाहुण्यापुढे ठेवतो, ते आपल्या घरात कोठून व केव्हा आले, एवढेच मला पाहावयाचे आहे. "याला का इतिहास म्हणावयाचे?" असे घरातली पुरुषमंडळी विचारतीलच. त्यांना आंबिलीचा पेला आधी द्यावा आणि मग हा लेख वाचावयास सांगावे.

आपल्या जिल्ह्याचा उन्हाळा काय असतो हे आष्टीकरांना सांगावयास नको. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांवर गेला तरी कोणाला त्याचे नवल वाटत नाही. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला म्हणजे २५ मेच्या सुमारास नवतपा लागतो. त्या नऊ दिवसांत बारा वाजल्यानंतर रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही. मुंबई-पुण्याकडे उन्हाळा म्हणजे घाम. आपल्याकडे उन्हाळा म्हणजे कोरडी लू. हा फरक नीट ध्यानात घेतला की आपल्याकडच्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. उदाहरणार्थ आपला माठ. माठ पाझरतो, पाझरलेले पाणी हवेत सुकते आणि सुकता सुकता आतल्या पाण्याची उष्णता ओढून घेते. हवा जितकी कोरडी तितके हे काम झपाट्याने होते. म्हणून मुंबईच्या दमट हवेत ज्या माठाचे पाणी जेमतेम गार होते, त्याच माठाचे पाणी आष्टीत दात शिवशिवावयास लावते. जुन्या माठाची छिद्रे क्षारांनी बुजतात, म्हणून दर साल नवा माठ घेण्याची रीत. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून खोली थंड करणे ही त्याच युक्तीची दुसरी तऱ्हा, आणि हल्लीचा कूलर ही तिसरी.

आता खाण्यापिण्याकडे वळू.

आपल्या घरची सर्वांत जुनी उन्हाळी जिन्नस कोणती, असे मला विचाराल तर मी आंबिलीचे नाव घेईन. माझी कसोटी अगदी साधी आहे. मिरची, आलू, टमाटर या तिन्ही वस्तू मूळच्या अमेरिका खंडातल्या. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला. त्यानंतर पोर्तुगीजांच्या जहाजांतून मिरची आपल्या देशात आली. आलू आपल्याकडे रुळले ते त्याच्याही पुष्कळ नंतर, इंग्रजांच्या काळात. म्हणजे ज्या जिनसेचे या तिघांवाचून काही अडत नाही, ती त्यांच्या आधीची असण्याचा संभव पुष्कळ. आंबील, ताक, पन्हे, चिंचवणी यांपैकी कशालाच मिरची लागत नाही. तिखटपणा हवाच असेल तर मिरे, सुंठ, जिरे आहेत. उलट आलूचा कीस, साबुदाण्याच्या पापड्या, मिरचीचा ठेचा ही सारी नंतरची भर आहे. ही कसोटी अचूक आहे असा माझा दावा नाही, पण स्वयंपाकघरात उभे राहून इतिहास पाहावयाचा तर ती बरी उपयोगी पडते.

आंबिलीचे धान्य म्हणजे ज्वारी. ही देखील परकीच, मूळची आफ्रिकेतली. पण ती येऊन तीन-चार हजार वर्षे होऊन गेली, त्यामुळे तिला माहेरवाशीण म्हणावयास हरकत नाही. चिंचेचे झाडही आफ्रिकेतून आले, आणि गंमत अशी की अरबांनी तिला 'हिंदुस्थानी खजूर' अशा अर्थाचे नाव दिले व तेच नाव इंग्रजीत गेले. आंबा मात्र आपला स्वतःचा.

पन्ह्याचे मूळ नाव 'पानक'. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत पानके सांगितली आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्राचा मोठा भाग त्या घराण्याच्या सत्तेखाली होता. या ग्रंथात अन्नावर प्रकरण आहे, तसेच नुसत्या पिण्याच्या पाण्यावरही आहे. कोणत्या ऋतूत कोठले पाणी प्यावे, ते सुगंधी कसे करावे, हे सारे त्यात सांगितले आहे. दह्यात साखर घालून केलेली 'शिखरिणी', म्हणजे आपल्या श्रीखंडाची पणजी, तीही त्यात आहे. अर्थात हे राजाचे ताट. गावातल्या बाईच्या हातचे अन्न कोठे सापडते का, हे पाहावयाचे तर आपल्याला फार लांब जावे लागत नाही.

वर्धा नदी ओलांडली की पलीकडे मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. महानुभावांचे हे मोठे क्षेत्र. तेराव्या शतकात येथे श्रीगोविंदप्रभू राहत होते आणि त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी मराठीत लिहून ठेवल्या. या आठवणींत राजवाडा नाही. रस्ते आहेत, घरे आहेत, चुली आहेत. गोविंदप्रभू कोणाच्याही घरात शिरावयाचे, मडक्यात काय आहे ते पाहावयाचे, आवडले तर खावयाचे. बाया रागावत, हसत, आणि पुन्हा वाढत. सातशे वर्षांपूर्वीच्या आपल्याच भागातल्या बायकांचे बोलणे-चालणे इतक्या जवळून दाखविणारे दुसरे पुस्तक नाही. पाण्यावाचून तळमळणाऱ्या अस्पृश्यांना त्यांनी विहिरीचे पाणी मिळवून दिल्याची आठवणही त्यात आहे. या आठवणीकडे मी पुढे परत येणार आहे.

आता आपल्या गावातच या. आष्टीतल्या जुन्या मोगली थाटाच्या कबरी आपण लहानपणापासून पाहतो. जहांगीर बादशहाच्या काळी महंमद खान नियाझी या अफगाण सरदाराला आष्टीची जहागीर मिळाली होती. तो १६२७ साली वारला आणि त्याच्या थडग्यावर ही सुंदर इमारत उभी राहिली; त्याच्यामागून आलेल्या अहमद खानाचीही तशीच कबर येथे आहे. या कबरींचा आणि आपल्या स्वयंपाकाचा काय संबंध, असे वाटेल. दगडाचा नसेल, पण शब्दांचा आहे. सरबत, बर्फ, गुलाब, सब्जा, सुरई, टरबूज, खरबूज हे सारे शब्द फारसी-अरबीतून आपल्याकडे आले. ते एकट्या नियाझी सरदाराने आष्टीत आणले असे मुळीच नव्हे. पण ज्या चार-पाचशे वर्षांत असे सरदार या मुलखात राहिले, त्यांच्याकडे आचारी, माळी, आबदार होते, बाजार भरत होते, त्याच काळात हे शब्द आपल्या बायकांच्या तोंडी बसले. आज अक्षय्य तृतीयेला पितरांसाठी घागर भरणारी आजीबाई 'सरबत' म्हणते तेव्हा तिला तो शब्द परका वाटत नाही, आणि तो आता परका राहिलेलाही नाही. अकबराच्या दरबारी सोऱ्याच्या पाण्यात भांडे फिरवून पिण्याचे पाणी थंड करीत, असे अबुल फजलने 'ऐन-इ-अकबरी'त लिहून ठेवले आहे. आपल्या गावात तेव्हाही माठच असणार.

टरबुजाचा विषय निघाला आहे म्हणून डांगरवाडीबद्दल दोन शब्द. थंडी सरताना नदीचे पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या वाळूत खड्डे करून, खत घालून, ढीवर-भोई समाजाची कुटुंबे डांगर, टरबूज, काकडी लावीत. पात्रातच झोपडी घालून सारे घर तेथे राहावयाचे. घागरीने पाणी घालण्याचे काम बहुतेक बायका-मुलांचे. ज्या उन्हात आपण दार लावून बसतो त्या उन्हात पिकणारे हे फळ, आणि ते पिकविणारी बाई त्याच उन्हात. मोर्शीजवळ सिंभोरा येथे वर्धा नदीवर अप्पर वर्धा धरण झाले. ते १९९३ साली पुरे झाले. शेतीला व शहरांना पाणी मिळाले, हे खरेच. पण जेथे धरणाचे पाणी पसरले तेथे वाळूच उरली नाही, मग डांगरवाडी कोठली? आता बाजारात येणारे टरबूज बहुधा शेतातले, प्लास्टिकच्या आच्छादनावर वाढलेले असते. गोड असते, नाही म्हणवत नाही.

बर्फाची हकीकत मोठी मजेची आहे. यंत्राचा बर्फ निघण्याआधी, १८३० नंतरच्या दशकात, अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून, लाकडाच्या भुशात भरून, जहाजाने चार महिन्यांचा प्रवास करून कलकत्ता व मुंबईला येत असे. तो पिण्याची ऐपत साहेबांची आणि बड्या शेटजींची. पुढे यंत्रे आली. नागपूरपर्यंत आगगाडी १८६७ साली पोचली, वर्ध्यावरूनच ती जाते. पुलगाव-आर्वी ही छोटी गाडी १९१७ साली सुरू झाली, ती कापसासाठी. अशा वाटांनी हळूहळू बर्फ, सोडावॉटर, रंगीत गोळे खेड्यापर्यंत आले. माझ्या मते बर्फाने आपल्या घरच्या पेयांचे थोडे नुकसानच केले. बर्फ घातला की पन्हे पाणचट होते, जीभ बधिर होते, आणि मग चव यावी म्हणून साखर दुप्पट घालावी लागते.

साखरेबद्दलही बोललेच पाहिजे. आपण आज पन्ह्यात साखर सहज घालतो, पण ही रीत फार जुनी नाही. खेड्यात गोडासाठी गूळ. साखर पाहुण्यांसाठी आणि औषधासाठी. दुसऱ्या महायुद्धात व नंतर साखर रेशनवर आली, तेव्हा शहरातल्या बायकांनाही पुन्हा गुळाकडे वळावे लागले. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला आणि पुढे महाराष्ट्रभर कारखाने उभे राहिले. तेव्हापासून साखर घरोघर डब्यात आली. गुळाचे पन्हे रंगाला काळपट दिसते, म्हणून पुष्कळजणी साखरेचे करतात. रंगाचे काय घेऊन बसावयाचे! दोन मोठ्या कैऱ्या निखाऱ्यात, नाही तर गॅसच्या ज्योतीवर साल काळी पडेपर्यंत भाजाव्या, गर काढून तो वाटीने मोजावा, वाटीला दोन वाट्या चिरलेला गूळ, पाव चमचा मीठ, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड. भाजलेल्या कैरीचा जो धुरकट वास येतो तो उकडलेलीला येत नाही. गर घोटून बरणीत ठेवावा आणि लागेल तेव्हा माठाच्या पाण्यात दोन चमचे कालवावा. अक्षय्य तृतीयेची चिंचवणी याहूनही सोपी : लिंबाएवढी चिंच भिजवून कोळ काढावा, चिंचेच्या तिप्पट गूळ, मीठ, जिरे, चिमूटभर मिरपूड, आणि चार पेले पाणी.

गुळाचा पक्ष घेणारी एक थोर व्यक्ती आपल्या जिल्ह्यातच राहून गेली. गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि त्याचे ठाणे वर्ध्याच्या मगनवाडीत आले. जमनालालजी बजाजांनी आपली बाग त्यासाठी दिली. संघाचे काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा हे हिशेबनीस, पण बोलणे सारे चुलीचे : हातसडीचे तांदूळ, घाणीचे तेल, जात्याचे पीठ, गूळ. ताडा-शिंदीच्या रसाचा गूळ करण्याचे प्रयोग तेथे झाले, आणि पहाटेची ताजी नीरा लोकांनी प्यावी म्हणून खटपट झाली. मडक्याला आतून चुना लावला की रस आंबत नाही व तो नीराच राहतो, एवढी लहानशी युक्ती त्यात आहे. १९३५ साली गांधीजी मगनवाडीत राहत होते तेव्हा ताटात कडुनिंबाची चटणी, कच्चा पाला, चिंच, गूळ असे. आश्रमाचे जेवण जेवून आलेल्या पाहुण्यांचे चेहरे कसे होत असतील, ते आपण मनातल्या मनात पाहावे. त्याच साली तेथे आणखी एका धान्याचा प्रयोग झाला व त्याबद्दल गांधीजींनी 'हरिजन' पत्रात लिहिलेही. ते धान्य म्हणजे सोयाबीन. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

३० एप्रिल १९३६ रोजी, म्हणजे भर उन्हाळ्यात, गांधीजी शेगावला राहावयास गेले; त्याचेच पुढे सेवाग्राम झाले. लोक थंड हवेच्या ठिकाणी जातात त्या दिवसांत ते वर्ध्याच्या वैशाखात झोपडीत गेले. डोक्यावर ओले फडके आणि मातीची पट्टी हा त्यांचा कूलर. कस्तुरबांनी तेथे किती जणांचे जेवण किती उन्हात सांभाळले असेल, याचा हिशेब कोणी फारसा मांडलेला मला आढळला नाही.

आता ती पाण्याची आठवण. थंड पाण्याचा इतिहास लिहावयाचा आणि ते कोणाला मिळत होते हे सांगावयाचे नाही, हे मला पटत नाही. आपल्याकडे पाणपोई घालणे हे मोठे पुण्य समजतात. चौकात मांडव, रांजण, ओगराळे, हे दृश्य आपल्या सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. पण कितीतरी पिढ्या याच पुण्याच्या जागी काहींना पेला हातात मिळत असे आणि काहींच्या ओंजळीत वरून पाणी ओतले जात असे. विहिरीवर तर तेवढेही नाही. बाईने घागर घेऊन दूर उभे राहावयाचे आणि कोणाला दया येईल तेव्हा पाणी मिळावयाचे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी पिण्याचा साधा हक्क मागितला जात होता. पुढल्याच वर्षी, १९२८ साली, वर्ध्यात जमनालालजींनी आपले लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांसाठी खुले केले. हे सारे पुरुषांच्या सभांतले प्रश्न होते असे समजू नये. सोवळ्याची घागर वेगळी, कामाला आलेल्या बाईचा पेला कोनाड्यात वेगळा, हे नियम घरात पाळणाऱ्या आपणच होतो. कायद्याने ते १९५० साली राज्यघटना लागू झाली तेव्हा संपले. घरातला कोनाडा रिकामा होण्यास पुष्कळ घरांत त्याहून बराच वेळ लागला. पन्ह्याच्या हळदीकुंकवाला कोणाला बोलावणे जाते व कोणाला जात नाही, हे आपले आपण पाहावे.

वाळवणाकडे मी मुद्दाम उशिरा आले, कारण एकदा सुरुवात केली की थांबवत नाही. होळी झाली की गहू भिजत पडावयाचे. तीन दिवस रोज पाणी बदलून गहू वाटावे, चीक काढावा, रात्रभर बसू द्यावा, वरचे पाणी ओतून तो शिजवावा आणि गरम असतानाच सोऱ्यातून कुरडया घालाव्या. तेल-तिखट घालून गरम चीक खाण्यासाठी शेजारची पोरे नेमकी त्याच वेळी कशी येतात, हे मला आजवर कळलेले नाही. मुंगवड्या, शेवया, पापड, आणि आपल्या बाजूचे सरगुंडे. घट्ट मळलेल्या गव्हाच्या पिठाची वात करून ती तेल लावलेल्या काडीवर गुंडाळावयाची, हळूच ओढून काढावयाची, आणि आमरस निघाला की वाफवून त्याबरोबर वाढावयाचे. पुरणपोळीचा थाट वेगळा, पण गावरान आंब्याच्या रसाला सरगुंड्यासारखा जोडीदार नाही.

या वाळवणामागे चव हा हेतू दुसरा. पहिला हेतू पावसाळ्याची बेगमी. जूनपासून चार महिने भाजी मिळेल न मिळेल, ओली लाकडे पेटतील न पेटतील, म्हणून वैशाखाचे ऊन डब्यात भरून ठेवावयाचे. आणि हे काम एकटीने होत नाही. आज एकीकडे, उद्या दुसरीकडे, असे आळीपाळीने पापड लाटावयाचे. महिला मंडळ हा शब्द आपल्याकडे येण्याआधी महिला मंडळाची सभा ती हीच. सासुरवाशिणीला घराबाहेर बसून चार शब्द बोलावयास मिळत ते पापडाच्या निमित्ताने. कितीतरी दुःखे त्या पोळपाटांभोवती हलकी झाली आहेत. साबुदाणा मात्र या मेळाव्यात नवा. तो पूर्वी मलायाकडून यावयाचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती वाट बंद झाली आणि तामिळनाडूत सेलमच्या बाजूला कसाव्याच्या कंदापासून तो मोठ्या प्रमाणावर होऊ लागला. कसावाही अमेरिकेतलाच. म्हणजे आपल्या एकादशीच्या साबुदाण्याचे कूळ दक्षिण अमेरिकेत निघते!

ही सारी विद्या आपल्याला कोणत्या पुस्तकातून मिळाली? छापील पाककृतींची पुस्तके मराठीत जुनी आहेत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ सालचे, लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र' १९१० चे, आणि कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' १९७० चे. शेवटचे तर अनेक नववधूंच्या पेटीत असे. ही पुस्तके मोलाची आहेत. पण आपल्याकडचे धापोडे कसे करावे, हे आपण शिकलो ते सासू, आत्या, जाऊ यांच्याकडून. ज्वारी तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून, पातळ शिजवून, तीळ-जिरे-मीठ घालून बाजेवर ओले लुगडे पसरावे व त्यावर हाताने पातळ पसरावे. सुकले की कापडाला मागून पाण्याचा हात लावून सोडवून घ्यावे. "हाताला कळते किती पातळ ते," असे माझ्या सासूबाई म्हणत. हाताला कळते ते कागदावर उतरत नाही, म्हणून तर धापोडे करणाऱ्या बाया गेल्या की धापोडेही जातात.

आणि केवळ बाया जातात असे नाही, ज्वारीही जाते. १९६४ साली सी.एस.एच.-१ ही पहिली संकरित ज्वारी आली. 'हायब्रीड' हा शब्द तेव्हापासून आपल्या तोंडी. पीक जास्त आले, पण भाकरीला गावरानाची चव नाही अशी कुरकुर घरोघर झाली. १९७२ च्या दुष्काळात बाहेरून आलेला लाल मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी खाऊन लोकांनी दिवस काढले. त्यानंतर रेशनचा गहू-तांदूळ स्वस्त झाला व भाकरीची पोळी झाली. पण ज्वारीला शेतातून खरे बाहेर काढले ते सोयाबीनने. १९८० नंतर, आणि १९९० नंतर तर झपाट्याने, विदर्भात सोयाबीन पसरले. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३५ साली ताटात वाढलेले हे धान्य साठ वर्षांनी वर्ध्याच्या शेतात आले, पण ते ताटासाठी आले नाही. ते तेलाच्या गिरणीसाठी आले. शेतकऱ्याला दोष देता येत नाही : सोयाबीनला नगदी पैसा मिळतो, ज्वारीला पाखरे राखावी लागतात, रानडुकरे नासधूस करतात, आणि कापणी-खुडणीला माणूस मिळत नाही. परंतु कडबा गेला तसे गाय-बैल कमी झाले, ते कमी झाले तसे घरचे ताक गेले, आणि ज्वारी व ताक या दोन्ही गेल्यावर आंबील कशाची करावयाची? २०२३ हे वर्ष साऱ्या जगाने भरडधान्यांचे म्हणून साजरे केले. त्या वर्षी शहरांतल्या मोठ्या हॉटेलांत आंबील पेल्यातून देत होते म्हणतात. आपल्या शेतावर निंदणाला जाणाऱ्या बाईच्या डब्यात मात्र ती दिसेनाशी झाली आहे. आणि आंबिलीची खरी गरज तिला आहे.

याचे कारण साधे आहे. उन्हात घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जातात. नुसते पाणी प्यायल्याने मीठ भरून निघत नाही. आंबिलीत पाणी, मीठ, थोडे पीठ व ताक असते. म्हणजे पोटही भरते आणि गेलेले मीठही परत मिळते. बांगलादेशाच्या युद्धाच्या वेळी, १९७१ साली, निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून पटकीचे असंख्य रोगी वाचविले, त्यामागचे तत्त्व याच्याच जवळचे आहे. आंबील घरी नसेल तर एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे, चमचा चहाचा. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, ही समजूत मात्र सोडून द्यावी. कांदा खावा, कैरीबरोबर किसून तक्कू करून खावा. खिशात तो काहीच करीत नाही. आणि एक गोष्ट भगिनींनी पक्की ध्यानात ठेवावी. उन्हातून आलेले माणूस बरळू लागले, शुद्धीवर नसेल, अंग तापून कोरडे पडले असेल, तर त्याच्या तोंडात पन्हे-आंबील काहीही ओतू नये. सावलीत निजवावे, कपडे सैल करावे, सर्वांगावर पाणी मारून वारा घालावा आणि दवाखान्यात न्यावे. अशा वेळी कांद्याचा रस चोळीत बसण्यात जो अर्धा तास जातो त्यात माणूस हातचे जाते.

हे झाले आजाऱ्याचे. घरातल्या धडधाकट बाईचेही एक सांगते. सर्वांना गार देऊन झाल्यावर तळाशी उरलेला घोट तिचा, ही आपली रीत. दुपारी बारा वाजता चुलीपुढे किंवा पत्र्याखालच्या गॅसपुढे उभी राहते तिला शेतातल्या माणसाइतकेच ऊन लागते, फक्त ते कोणाला दिसत नाही. पोळ्या सकाळी आठच्या आत उरकाव्या, दुपारी कण्या-ताक, तक्कू, चटणी एवढ्यावर भागवावे, त्यात कोणाचे काही बिघडत नाही. आपल्या आज्या उन्हाळ्यात शिळ्या भाकरीवर ताक घालून खात, आणि तो केवळ गरिबीचा भाग नव्हता.

आता आंबील. सहा माणसांसाठी सांगते. रात्री निजताना एक वाटी ज्वारीचे पीठ दोन वाट्या आंबट ताकात गुठळी न राहता कालवून मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात झाकून ठेवावे. पितळेत ठेवू नये, कळकते. सकाळी चार वाट्या पाणी उकळत ठेवून त्यात चमचाभर मीठ व अर्धा चमचा जिरे टाकावे, आणि आंबवलेले पीठ एका हाताने ओतीत दुसऱ्या हाताने सारखे ढवळावे. दहा मिनिटांत ती चकाकू लागते व पिठाचा कच्चा वास जातो, तेव्हा उतरावी. पूर्ण निवल्यावर दोन-तीन वाट्या ताजे ताक घालून पातळ करावी आणि भांडे माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावे. वरून सांबार चिरून घालावा. पीठ ताजे दळलेले असावे. जुने पीठ कडवट लागते व सारी आंबील वाया जाते. लसूण घालावा की नाही यावर आमच्याकडे दोन पक्ष आहेत. माझ्या माहेरी ठेचून कच्चाच घालीत, सासरी तो मुळीच चालत नसे. मी दोन भांडी करते.